अमेरिकन मसल कारचे वस्तुचरित्र : स्वामित्व, देखभाल आणि हस्तांतरण

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दफ्तरे उभी राहतात. दैनंदिन वापराच्या वस्तूंना साधनाचा दर्जा फार उशिरा प्राप्त झाला. दिवे, अडकित्ते, कुलपे यांसारख्या साध्या वस्तूही समाजाचा इतिहास सांगू शकतात, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने आपल्याला दाखवून दिले. तथापि हाताने घडविलेल्या वस्तूंना आपण देतो तो मान कारखान्यात लाखोंच्या संख्येने तयार झालेल्या वस्तूंना सहसा देत नाही. एका साच्यातून निघालेल्या हजारो वस्तूंना स्वतंत्र इतिहास तो काय असणार, अशी धारणा त्यामागे असते.

या धारणेला मानववंशशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ मध्ये छेद दिला. मुंबईत जन्मलेले अभ्यासक अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथातील लेखात त्यांनी ‘वस्तूचे सांस्कृतिक चरित्र’ ही संकल्पना मांडली. वस्तू बाजारात येते तेव्हा ती पण्यवस्तू असते; तिच्यासारखी दुसरी पैसे मोजून घेता येते. पुढे वापरातून, आठवणींतून आणि निगेतून ती एकमेव होत जाते, आणि कालांतराने पुन्हा बाजारात येऊही शकते. हे स्पष्ट करताना कोपिटॉफ यांनी आफ्रिकेतील मोटारीचे उदाहरण दिले होते, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘मसल कार’ या वाहनप्रकाराचे असे चरित्र मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचे प्रचंड शक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविणे, ही मसल कारची ढोबळ व्याख्या. या गाड्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बहुतांश लेखन निर्मिती आणि वेग यांभोवती फिरते. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पाच-सहा दशकांत गाडी कोणी बाळगली, कशी सांभाळली आणि का सोडली, हे प्रश्न मागे पडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मसल कारच्या उदयास्ताची सामाजिक-आर्थिक कारणे थोडक्यात मांडणे.
२) या गाडीच्या मूल्यात झालेल्या स्थित्यंतरांचा मागोवा घेणे.
३) देखभाल आणि पुनरुज्जीवन या श्रमांचे ऐतिहासिक स्वरूप तपासणे.
४) गाडीपासून विलग होण्याच्या, म्हणजेच हस्तांतरणाच्या घटनेचा अर्थ लावणे.

जी वस्तू अल्पायुषी म्हणून घडविली गेली ती निर्मात्याच्या इच्छेने नव्हे, तर मालकांच्या श्रमाने टिकली. आणि या टिकण्यात वेळेवर सोडून देण्याचा वाटा जवळ बाळगण्याइतकाच मोठा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उदयाची पार्श्वभूमी

अमेरिकन मोटार उद्योगात १९२० च्या दशकापासून दरवर्षी नवे रूप बाजारात आणण्याची प्रथा जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांच्या धोरणातून रूढ झाली. ग्राहकाच्या मनात जुन्या गाडीविषयी असमाधान निर्माण करणे हा त्या धोरणाचा गाभा होता. व्हान्स पॅकार्ड यांनी ‘द वेस्ट मेकर्स’ या १९६० च्या पुस्तकात या नियोजित कालबाह्यतेवर कठोर टीका केली. साठच्या दशकातील गाडी पंचवीस-तीस वर्षे टिकावी अशी ना कंपनीची अपेक्षा होती, ना ग्राहकाची.

याच सुमारास दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी वयात येत होती. १९४६ साली जन्मलेले मूल १९६४ मध्ये अठरा वर्षांचे झाले, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागाने ‘जीटीओ’ बाजारात आणली. तिचा जन्म एका पळवाटेतून झाला. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना मोटारशर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवू नये, असाही अंतर्गत नियम होता. पाँटिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर ‘टेंपेस्ट लमाँ’ या गाडीवर मिळणारा जादा संच म्हणून देऊ केले. नियम गाडीला लागू होता, जादा संचाला नव्हता. विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी या योजनेस संमती दिली. सुरुवातीस ५,००० गाड्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या आणि १९६६ मध्ये ही संख्या ९६,९४६ वर पोहोचली.

या गाडीची किंमत निवडलेल्या रूपानुसार साधारण २,८०० ते ३,१०० डॉलर होती. अमेरिकन कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न तेव्हा सुमारे ६,६०० डॉलर होते. म्हणजेच वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी रकमेत ३२५ अश्वशक्तीची गाडी मिळत होती. तीन कार्बुरेटर घेतल्यास अश्वशक्ती ३४८ होई. शर्यतीच्या गाडीची शक्ती कारखान्यातील कामगाराच्या मुलालाही हप्त्यावर घेता यावी, ही घटना सामाजिकदृष्ट्या नवी होती. पुढे शेव्हरोलेची ‘शेव्हेल एसएस’, डॉजची ‘चार्जर’, फोर्डची ‘मस्टँग जीटी’ अशा प्रतिस्पर्धी गाड्या रस्त्यावर आल्या. प्लिमथने १९६८ मध्ये ‘रोड रनर’ ही मुद्दाम साधी ठेवलेली गाडी आणली. व्यंगपटातील पक्ष्याचे नाव व चित्र वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले. मात्र गाडीच्या आतील सजावटीत शक्य तितकी काटकसर केली.

कारखान्याच्या भिंतीआड

या झगमगाटाची दुसरी बाजू इतिहासकाराने दृष्टिआड करता कामा नये. गाड्यांची मागणी वाढली तसा जोडणीपट्ट्याचा वेगही वाढला. डेट्रॉइट शहराने वेढलेल्या हॅमट्रॅमक येथील ‘डॉज मेन’ कारखान्यात मे १९६८ मध्ये कामगारांनी या वाढत्या वेगाविरुद्ध उत्स्फूर्त संप केला. त्यातूनच कृष्णवर्णीय कामगारांची ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. १९७० मध्ये जनरल मोटर्समधील संप ६७ दिवस चालला. ज्या गाड्यांच्या जाहिराती स्वातंत्र्याची भाषा बोलत होत्या, त्या गाड्यांची जोडणी करणाऱ्याला मिनिटभर जागा सोडण्याचे स्वातंत्र्य नव्हते.

घाईत झालेल्या या कामाच्या खुणा गाड्यांच्या अंगावर उमटल्या. दारांच्या फटी असमान राहिल्या, रंगाचे ओघळ सुकले, नको तेथे रंगाचा फवारा उडाला, आणि तपासणी करणाऱ्याने खडूने किंवा मेणखडूने मारलेल्या खुणा तशाच राहिल्या. या खुणांचे पुढे काय झाले, ते देखभालीच्या विवेचनात येईल.

अस्त

मसल कारचा अस्त एका कारणाने झाला नाही. राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या १९६५ च्या पुस्तकानंतर वाहनसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वाहनसुरक्षा कायदा संमत केला. दशकाच्या अखेरीस विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या शक्तिशाली गाड्यांवर भरमसाट अधिभार लावण्यास सुरुवात केली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर कठोर बंधने आणली. अधिक दाबाची इंजिने मागे पडू लागली. १९७२ च्या गाड्यांपासून अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलली. पूर्वी इंजिन सुटे ठेवून ढोबळ शक्ती मोजली जाई. आता गाडीत बसविलेल्या अवस्थेतील निव्वळ शक्ती सांगितली जाऊ लागली. क्रायस्लरच्या प्रसिद्ध ४२६ घन इंची ‘हेमी’ इंजिनाची ढोबळ शक्ती ४२५, तर निव्वळ शक्ती ३५० नोंदविली गेली होती, यावरून हा फरक ध्यानात येईल.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी तेलबंदी जाहीर केली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि लिटरमागे चार ते सहा किलोमीटर धावणारी गाडी एका हिवाळ्यात कुटुंबाला भार वाटू लागली. मूळ जीटीओच्या मालिकेतील शेवटची गाडी १९७४ ची. त्या वर्षी केवळ ७,०५८ गाड्या तयार झाल्या. अवघ्या दहा वर्षांत हे युग संपुष्टात आले.

स्वामित्वाच्या चार अवस्था

मसल कारच्या स्वामित्वाचा इतिहास चार अवस्थांत मांडता येतो.

पहिली अवस्था नव्या गाडीची. या अवस्थेतील मालक बहुधा तरुण होता आणि गाडी त्याच्या तारुण्याचे चिन्ह होती. मात्र तिचा सहवास अनेकदा अल्प ठरला. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती १९७३ पर्यंत चालू होती. बोलावणे आले की गाडी विकावी लागे, नाहीतर आईवडिलांच्या अंगणात आच्छादनाखाली ठेवावी लागे. लग्न आणि मूल ही गाडी विकण्याची अधिक शांत कारणे होती. दोन दारांच्या गाडीत पाळणा मावत नाही.

दुसरी अवस्था तेलसंकटानंतरची, साधारण १९७४ ते १९८५ ची. या काळात गाडी केवळ जुनी आणि खादाड ठरली. काहीशे डॉलरांत ती मिळू लागली. शाळकरी वयाच्या मुलांनी ती विकत घेतली, पळविली आणि ठोकलीही. इंजिने काढून शर्यतीच्या गाड्यांत बसविली गेली आणि सांगाडे भंगारात गेले. याच काळातील मोडतोडीने पुढची दुर्मीळता निर्माण केली, हे नमूद करणे आवश्यक आहे. आज एखादी गाडी मौल्यवान ठरते ती केवळ थोड्या संख्येने तयार झाली म्हणून नव्हे, तर तिच्या भावंडांची किंमत कोणाला वाटली नाही म्हणूनही.

तिसरी अवस्था पुनर्शोधाची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पहिल्या अवस्थेतील तरुण चाळिशीकडे झुकले. घर, नोकरी, शिल्लक या गोष्टी स्थिरावल्यावर एकेकाळी विकलेली किंवा कधीच न परवडलेली गाडी ते शोधू लागले. व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन येथून निघणारे ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे छोट्या जाहिरातींचे मासिक या शोधाचे प्रमुख माध्यम ठरले. ‘इयर वन’ सारख्या व्यापारी संस्थांनी नव्याने बनविलेले सुटे भाग टपालाने पुरविण्यास आरंभ केला.

चौथी अवस्था गुंतवणुकीची. अॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथील बॅरेट-जॅक्सन लिलाव दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि किमती वेगाने चढल्या. २००८ च्या आर्थिक अरिष्टात त्या उतरल्या. परंतु दुर्मीळ गाड्यांचे भाव नंतर सावरले. १९७१ ची छत उघडणारी ‘हेमी कुडा’ ही गाडी जून २०१४ मध्ये सिअॅटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. कामगाराच्या मुलासाठी बनलेली गाडी आता कामगाराच्या मुलाच्या आवाक्याबाहेर गेली होती.

या अवस्थेत मसल कारच्या क्षेत्रात एक नवेच दफ्तरशास्त्र उदयास आले. गाडीचा ओळखक्रमांक, इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि गिअरपेटीवरील क्रमांक एकमेकांशी जुळतात काय, यावर किंमत ठरू लागली. जोडणीपट्ट्यावर गाडीसोबत फिरलेला जोडणीपत्रकाचा कागद आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडला, तर तो एखाद्या सनदेइतका मोलाचा ठरतो. पाँटिअॅकच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दाखले देणारी सेवा आणि फोर्डच्या गाड्यांसाठी ‘मार्टी अहवाल’ ही साधने उपलब्ध आहेत. अस्सल आणि बनावट कागद ओळखण्याचे जे कौशल्य आपण मोडी दफ्तराच्या संदर्भात शिकतो, तेच येथे पत्र्यावरील आकड्यांच्या संदर्भात वापरले जाते.

देखभाल : श्रमाचा इतिहास

दारी हत्ती झुलविणे सोपे, त्याला पोसणे अवघड. मसल कारच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. तिच्या देखभालीचे स्वरूप समजल्याखेरीज स्वामित्वाचा अर्थ लागत नाही. म्हणून येथे काहीसे तपशिलात जाणे उचित ठरेल.

या गाडीचा पहिला शत्रू गंज. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. मागच्या चाकांवरील पत्रा, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालील पोकळी आणि छतावर रेक्झिन चढविले असल्यास मागच्या काचेभोवतीची खाच या जागा प्रथम सडतात. वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली पुट्टीचा जाड थर असू शकतो. जाणकार खरेदीदार म्हणूनच साधे चुंबक घेऊन गाडीभोवती फिरतो. चुंबक जेथे धरत नाही तेथे पत्रा उरलेला नसतो.

दुसरी अडचण इंधनाची. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनली होती. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करीत असे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ जानेवारी १९९६ पासून पूर्णपणे बंद झाली. त्यामुळे इंजिन उघडून कठीण धातूच्या बैठका बसविणे अनेक मालकांना श्रेयस्कर वाटले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यावर जुन्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधील गास्किटे खराब होऊ लागली. गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यास पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत साचतो. आधुनिक इंजिन-ऑइलमध्ये जस्ताचे प्रमाण घटविण्यात आले. परंतु जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला आणि टॅपेटला त्या जस्ताची गरज असते. म्हणजे गाडी जशी होती तशीच राहिली, भोवतालचे जग मात्र बदलले. आणि या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम मालकाच्या अंगावर आले.

तिसरी बाब कौशल्याची. कार्बुरेटरचे मिश्रण कानाने जुळविणे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट पातीने मोजणे, इग्निशनचा टायमिंग दिव्याच्या प्रकाशात लावणे, ड्रम ब्रेक चारही चाकांवर सारखे धरतील असे बसविणे, ही कामे एकेकाळी गल्लीतील कोणताही मेकॅनिक करीत असे. संगणकनियंत्रित इंजिने आल्यावर ही विद्या दैनंदिन व्यवहारातून निघून गेली. ती उरली ती हौशी मालक, मोजके वृद्ध कारागीर आणि जुनी दुरुस्तीपुस्तके यांच्या आश्रयाने. एका वस्तूची देखभाल ही अशा रीतीने एका लोप पावणाऱ्या विद्येची देखभाल ठरते.

देखभालीतील वैचारिक वादही उद्बोधक आहे. एक पक्ष म्हणतो की गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी. दुसरा पक्ष जुन्या देहात नवे इंजिन, डिस्क ब्रेक आणि आधुनिक गिअरपेटी बसवून ती रोज चालविण्याजोगी करतो. आपल्याकडे जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धाराविषयी जो वाद होतो, त्याच्याशी याचे नाते आहे. पहिल्या पक्षातील कारागीर स्पर्धेसाठी गाडी सिद्ध करतात, तेव्हा ते घाईत उडालेला रंगाचा फवाराही पुन्हा उडवितात आणि तपासनिसाच्या मेणखडूच्या खुणा जुन्या छायाचित्रांवरून जागच्या जागी रेखाटतात. ज्या चुका वाढत्या वेगाने थकलेल्या कामगाराच्या हातून झाल्या, त्या आज महिनोन्महिने खपून सफाईने पुन्हा केल्या जातात.

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कामगाराचे श्रम विसरून केवळ त्यांची खूण पूजिली जाते, असे म्हणता येईल. परंतु दुसराही अर्थ संभवतो. ‘डॉज मेन’ कारखाना जानेवारी १९८० मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी पाडला गेला. त्या परिसरात उभ्या राहिलेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात आज विजेवर चालणारी वाहने बनतात. पाँटिअॅक हे नाव बंद करण्याचा निर्णय २००९ मध्ये झाला व २०१० मध्ये ते इतिहासजमा झाले. कारखाना गेला, नाव गेले. त्या अनाम हाताने मारलेली खडूची रेघ मात्र कोणाच्या तरी गॅरेजमध्ये दिव्याखाली जपली जाते. इतिहासकाराने या रेघेमागचा हात शोधला पाहिजे, हे उघड आहे. पण रेघ टिकली म्हणूनच तो शोध शक्य होतो, हेही मान्य करावे लागते.

येथे आणखी दोन विरोधाभास नोंदवावेसे वाटतात. विम्याच्या अधिभाराने मसल कार संपविण्यास हातभार लावला. आज मात्र ठरीव मूल्याचा आणि मर्यादित वापराच्या अटीचा विशेष विमा तिला जपतो. धुराच्या कायद्याने तिचे उत्पादन थांबविले. परंतु कॅलिफोर्नियासारख्या कडक नियमांच्या राज्यातही १९७५ पर्यंतच्या गाड्यांना नियमित धूरतपासणीतून सूट आहे. ज्या संस्थांनी वस्तू संपविली, त्यांनीच ती निरुपद्रवी झाल्यावर तिला अभय दिले.

हस्तांतरण

स्वामित्वाचा शेवट कसा होतो, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. पहिल्या पिढीतील मालक आज सत्तरीच्या पुढे-मागे आहेत. या गाड्यांचा क्लच जड असतो. गुडघा आणि कंबर साथ देईनाशी झाली की गाडी चालविणे कष्टाचे होते. मोठे घर विकून लहान घरात जाताना गॅरेज राहत नाही. आजारपण, घटस्फोट, नातवंडांचे शिक्षण ही कारणे असतातच. अनेकदा मुलांना गाडीविषयी प्रेम असते, पण जागा, वेळ आणि विद्या नसते.

अशा वेळी दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग न सोडण्याचा. ‘पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त करीन’ या संकल्पावर गाडी परसात उभी राहते. टायर जमिनीत रुततात, उंदीर तारा कुरतडतात, तळाचा पत्रा ओलसर मातीत विरून जातो. विकत मागणाऱ्याला नकार मिळत राहतो आणि मालकाच्या मृत्यूनंतर वारसांच्या हाती सांगाडा येतो. येथे आसक्तीनेच वस्तूचा नाश केलेला असतो.

दुसरा मार्ग विचारपूर्वक सोडण्याचा. याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालविलेल्या गडद हिरव्या ‘मस्टँग जीटी’ या गाडीचा दाखला देता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरील पाठलागाच्या दृश्यामुळे ही गाडी विख्यात झाली. चित्रीकरणानंतर ती विकली गेली आणि १९७४ मध्ये विमा व्यवसायात असलेल्या न्यू जर्सीतील एका गृहस्थांनी जाहिरात वाचून ती ६,००० डॉलरना घेतली. त्यांच्या शिक्षिका पत्नी तीच गाडी घेऊन शाळेत जात असत. १९७७ मध्ये स्वतः मॅक्वीन यांनी पत्र पाठवून ती परत विकत मागितली. कुटुंबाने ती दिली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला आणि गाडी उभी राहिली. नंतर ती कुटुंबाबरोबर टेनेसी राज्यात गेली. पितापुत्रांनी ती पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतले. पण वडिलांच्या आजारपणाने काम रखडले व २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलाने गाडी चालती केली, मात्र तिचा जुना रंग, ओरखडे आणि चित्रीकरणासाठी केलेले फेरफार तसेच ठेवले. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या वाहनप्रदर्शनात ती जगासमोर आली आणि १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली.

या घटनेकडे केवळ किमतीच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. एका कुटुंबाने शेहेचाळीस वर्षे एक वस्तू सांभाळली. या काळात ती चित्रपटाची गाडी, आईची रोजची गाडी, बंद पडलेली गाडी, बापलेकांचा अपुरा संकल्प आणि अखेर राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीतील गाडी अशा पाच रूपांतून गेली. मॅक्वीन यांना नाकारलेली गाडी कुटुंबाने अखेर विकली, यात विसंगती नाही. नकार दिला तेव्हा ती घरातील वापराची वस्तू होती. विकली तेव्हा तिचे त्या घरातील कार्य पूर्ण झाले होते. कोपिटॉफ यांच्या परिभाषेत सांगायचे तर एकमेव झालेली वस्तू पुन्हा पण्यवस्तू झाली. पण ती आपले चरित्र बरोबर घेऊन बाजारात उतरली.

सामान्य मालकाच्या बाबतीत रक्कम लहान असते, व्यवहाराचे स्वरूप मात्र हेच राहते. गाडी देताना तो मालकीहक्काचे पत्र देतो आणि त्यासोबत पावत्यांची फाइल, काढून ठेवलेले मूळ भाग, दुरुस्तीची वही आणि ‘थंडीत चोक इतकाच ओढा’ अशा तोंडी सूचनाही देतो. कायद्याच्या दृष्टीने पहिला कागद पुरेसा आहे. वस्तूच्या दृष्टीने दुसऱ्या गोष्टी अधिक आवश्यक आहेत. पावत्यांची फाइल नसलेली गाडी ही संदर्भाविना सापडलेल्या नाण्यासारखी असते. मुलीच्या पाठवणीच्या वेळी आई जसे तिच्या आवडीनिवडी सासरी सांगते, तसाच काहीसा हा प्रसंग असतो; आणि पुष्कळ विक्रेते सर्वाधिक बोलीपेक्षा चांगला सांभाळ करील असा ग्राहक पसंत करतात, यात नवल नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मसल कार ही युद्धोत्तर समृद्धी, तरुणांची मोठी संख्या आणि स्वस्त इंधन यांच्या संयोगातून जन्मली. सुरक्षा, विमा, पर्यावरण आणि तेल या चार दिशांनी आलेल्या दबावाने १९७४ पर्यंत तिचे पहिले युग संपले.

२) तिचे मूल्य सरळ रेषेत वाढले नाही. हवीशी वस्तू, टाकाऊ वस्तू, स्मृतिवस्तू आणि गुंतवणूक अशा चार अवस्थांतून ती गेली. टाकाऊ अवस्था ओलांडून जे टिकले तेच पुढे मौल्यवान ठरले. ‘जुने ते सोने’ ही म्हण येथे अर्धीच खरी आहे. जुने होईपर्यंत कोणीतरी ते सांभाळावे लागते.

३) देखभाल हा केवळ छंद नसून बदलत्या जगात न बदललेल्या वस्तूला जिवंत ठेवणारा श्रम आहे. त्यातून हस्तकौशल्याची एक परंपरा टिकली आणि नकळत कामगारांच्या हाताच्या खुणाही टिकल्या. त्या खुणांना कामगारांच्या इतिहासाशी जोडणे हे अभ्यासकांचे काम आहे.

४) हस्तांतरण म्हणजे स्वामित्वाचा पराभव नव्हे. पाच-सहा दशके टिकलेली गाडी सामान्यतः अनेक हातांतून गेलेली असते, आणि त्यांतील प्रत्येकाने ती योग्य वेळी पुढच्याच्या स्वाधीन केलेली असते.

डिसेंबर २०२३ मध्ये डॉजच्या आठ सिलिंडरच्या ‘चॅलेंजर’चे आणि शेव्हरोलेच्या ‘कॅमारो’चे उत्पादन थांबले. या गाड्यांचेही चरित्र आता कारखान्याबाहेर, मालकांच्या हाती लिहिले जाईल. मात्र त्यांच्यात इंजिनाइतकाच संगणकप्रणालीचाही भाग आहे. पातीने फट मोजून आणि कानाने आवाज ऐकून त्या सांभाळता येणार नाहीत. पन्नास वर्षांनी त्यांच्या मालकाने पुढच्या मालकाला गाडीसोबत कोणती विद्या द्यायची, हा प्रश्न भविष्यातील वस्तु-इतिहासकारांपुढे उभा राहणार आहे. यंत्रयुगातील वस्तूंचे जतन करू पाहणाऱ्या आपल्याकडील संस्थांनीही वस्तूंइतकीच ती चालविण्याची व दुरुस्तीची विद्या नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.